भिवंडीच्या लिप्या आणि जलद वाचनाचा इतिहास

वाचनाचा वेग दुप्पट-तिप्पट करून देण्याचे आश्वासन देणारे अभ्यासक्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आले, तेथून पुस्तकांच्या आणि पुढे मोबाइलवरील ॲपच्या रूपाने जगभर पसरले, आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीबरोबर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्याही कानांवर आले. त्यामुळे जलद वाचन ही अगदी अलीकडची आणि परदेशातून आलेली विद्या आहे, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात थोड्या वेळात पुष्कळ मजकूर वाचण्याची निकड राज्यकारभाराला, देवघराला आणि छापखान्याला फार पूर्वीपासून भासत आली असून, तिच्यावर त्या त्या काळातील लोकांनी शोधलेले उपाय आजही तपासून पाहता येतात. या उपायांची तुलना करायची झाल्यास ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारखे दुसरे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या जुन्या बंदराच्या परिसरात शिलाहारांचे शिलालेख आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर भिवंडी घेतल्यानंतर ‘प्रांत कल्याण-भिवंडी’ या नावाने हा मुलूख मराठी कागदपत्रांत वारंवार येतो. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे उर्दूची वस्ती वाढवली, आणि यंत्रमागांच्या भरभराटीच्या काळात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी तेलुगू लिपी आणली. एकाच गावात इतक्या लिप्या वाचल्या गेल्या असल्याने वाचनाचा वेग नेमका कशावर अवलंबून असतो, हा प्रश्न येथे उदाहरणांसह विचारता येतो.

भिवंडी तालुक्यातील लोनाडजवळच्या चौधरपाड्याचा शिलालेख शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातला, शके ११६१ चा, म्हणजे इसवी सन १२३९-४० चा आहे. त्या काळच्या इतर दानलेखांप्रमाणे त्यातही अक्षरे एकापाठोपाठ एक कोरलेली असून दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही; कोठे शब्द संपतो हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे असते. आजच्या वाचकाला ही पद्धत गैरसोयीची वाटते, परंतु दानलेख भराभर वाचला जावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. तो चिरकाल टिकावा आणि दान मोडणाऱ्याला त्यातील शापवचनाचा धाक वाटावा, एवढेच त्याचे प्रयोजन होते, व ज्यांना अक्षरे येत नव्हती त्यांच्यासाठी लेखाखाली गद्धेगाळीचे, म्हणजे तोच शाप चित्रातून सांगणारे, शिल्प कोरलेले असे. वेगाचा प्रश्न निर्माण झाला तो राज्यकारभार कागदावर चालू लागल्यावर.

मोडी ही लिपी या निकडीतून वाढली. परंपरा तिचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला देते. ते कितपत खरे, हा वाद बाजूला ठेवला तरी तिची घडण हात न उचलता सलग लिहिण्यासाठी झाली आहे, हे तिच्या अक्षरांच्या वळणावरून उघड दिसते. लेखक प्रथम कागदावर आडवी ओळ आखून घेई आणि तिच्या खाली बोरूने, म्हणजे वेताच्या वा बरूच्या टोकदार लेखणीने, अक्षरे लोंबकळती ठेवत जाई. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांसाठी वेगवेगळी चिन्हे नसत, विरामचिन्हे नसत, आणि शब्दही तोडलेले नसत. लिहिणाऱ्याचा जो वेळ वाचे, तो वाचणाऱ्याच्या माथी येई, असा निष्कर्ष यावरून कोणीही काढील. मोडी शिकू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याचा अनुभवही त्याला पुष्टी देतो, कारण पहिल्या काही महिन्यांत एका पानावर तासन्‌तास घालवावे लागतात. असे असूनही मराठेशाहीच्या दफ्तरांत रोज येणारी पत्रे, हिशेब, यादी आणि ताळेबंद याच लिपीतून वाचले जात आणि त्यांवर निर्णयही होत. हे शक्य होण्याचे कारण लिपीच्या बाहेर, पत्रलेखनाच्या रिवाजात होते.

मराठेशाहीतील पत्राची मांडणी ठरलेली असे. मायना, म्हणजे पत्राच्या आरंभीचे संबोधन, पाहताच पत्र कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणत्या दर्जाच्या माणसास लिहिले आहे हे समजे. ‘आज्ञा केली ऐसीजे’ आले की ते वरून खाली गेलेले आज्ञापत्र, आणि ‘विज्ञापना ऐसीजे’ आले की ते खालून वर आलेले विनंतिपत्र. त्यानंतर येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे, असा मजकूर येई व तो ‘विशेष’ या शब्दापाशी थांबे. मुख्य विषय या ‘विशेष’नंतर सुरू होत असल्यामुळे मुरलेल्या चिटणिसाची नजर वरच्या तीन-चार ओळी न वाचताच तेथे जाऊन पोहोचे. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘जाणिजे’ आले की विषय संपल्याची खूण पटे, आणि आज्ञापत्रावर ‘मोर्तब सूद’ असल्यास कागद पुरा झाल्याची खात्री होई. ‘राजश्री’साठी ‘रा॥’, ‘मौजे’साठी ‘मौ॥’, चंद्रतिथीसाठी ‘छ’ अशी संक्षिप्त रूपे सर्वत्र एकसारखी वापरली जात, त्यामुळे ती अक्षरे जुळवून वाचावी लागत नसत. ती आकारानेच ओळखली जात. आधुनिक अभ्यासक्रम ज्या कौशल्याला पानाचा सांगाडा ओळखणे म्हणतात, ते पेशवाईतील कारकुनाच्या रोजच्या कामाचा भाग होते, आणि ते त्याला वेगळे शिकवावे लागत नव्हते, कारण सांगाडा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या दोघांनाही पाठ असे. प्रांत कल्याण-भिवंडीच्या जमाबंदीचा, जकातीचा वा बंदरातील मालाचा कागद पुण्यात उघडला जाई तेव्हा वाचणाऱ्याला त्यातील बहुतेक शब्द आधीच अपेक्षित असत. नवे असत ते आकडे, गावांची नावे आणि तक्रार.

या कौशल्याची सर्वांत मोठी कसोटी मात्र मराठेशाही संपल्यावर शंभर वर्षांहून अधिक काळाने लागली. पुण्यातील पेशवे दफ्तरात सुमारे ३५ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, जमा झालेली होती, आणि त्यांतील फार मोठा भाग मोडीत होता. मुंबई सरकारने या दफ्तरातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपवले, आणि १९३० ते १९३४ या अल्प काळात ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’ या मालेचे ४५ खंड बाहेर पडले. सरदेसाई तेव्हा पासष्टीच्या घरात होते व त्यांच्या हाताशी मोजकेच साहाय्यक होते. एकेका रुमालातील कागदांची संख्या लक्षात घेता यातील प्रत्येक ओळ वाचणे कोणत्याही मनुष्याला शक्य नव्हते, आणि तसा दावाही कोणी केला नाही. मायना, तारीख, गाव आणि विषय एवढ्यावर नजर टाकून कागद बाजूला ठेवायचा की पुढे वाचायचा हे ठरवणे, आणि ठेवलेला कागद मग अक्षर न अक्षर लावून उतरवणे, अशा दोन पायऱ्यांनीच एवढे काम होऊ शकते. मराठीत पहिल्या पायरीला चाळणे म्हणतात, दुसरीला वाचणे. मराठी इतिहासलेखनातील जलद वाचनाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून या प्रकल्पाकडे पाहिले पाहिजे, आणि त्याचा अभ्यास त्या दृष्टीने झालेला नाही ही खेदाची गोष्ट आहे. त्याआधी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाडे आणि मठ धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले होते. राजवाडे काय आणि सरदेसाई काय, दोघांचाही वेग आयुष्यभर त्याच प्रकारचे कागद वाचण्यातून आलेला होता. अपरिचित भाषेतील तेवढाच मजकूर त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्यांची गती इतर कोणाहीसारखीच झाली असती.

वेगाची दुसरी परंपरा धार्मिक वाचनाची. पारायण म्हणजे एखादा ग्रंथ ठरलेल्या दिवसांत आरंभापासून शेवटपर्यंत वाचणे. गुरुचरित्राचे आणि ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत करण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय नऊ दिवसांत वाचले जातात. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी ही तीर्थक्षेत्रे ज्या भिवंडी तालुक्यात आहेत, तेथील घराघरांतही हा परिपाठ आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत संपवायच्या तर रोज तेराशेच्या आसपास ओव्या वाचाव्या लागतात, आणि मिनिटाला पाच ओव्यांची गती धरली तरी त्याला सव्वाचार तास लागतात. ही गती स्पष्ट उच्चार करून गाठायची असते, व ती नवख्या माणसाला पहिल्या पारायणात साधत नाही. दरवर्षी तोच ग्रंथ वाचणाऱ्याला ओवीचा पहिला चरण दिसला की पुढचे चरण आठवू लागतात, यमक पुढचा शब्द सुचवते, आणि डोळा केवळ ताळा पाहण्यापुरता अक्षरांवरून फिरतो. अर्थबोधाची येथे सक्ती नसते. पाठ अखंड व्हावा, एवढे महत्त्वाचे असते. म्हणून पारायणाच्या गतीवरून आकलनाची गती ठरवणे चुकीचे होईल. तथापि परिचयाने वाचन किती हलके होते याचा पुरावा म्हणून ही प्रथा मोलाची आहे, आणि जे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पारायण करते त्या कुटुंबातील मुलांना लांब, अनोळखी वाटणारी वाक्ये तोंडात बसवण्याची सवय लवकर लागते हेही मान्य केले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात पानाचे रूपच पालटले. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये निघाला तेव्हा त्यातील मराठी शब्द मोडी टाइपात होते. परंतु पुढे छापील मराठीची लिपी म्हणून बाळबोध, म्हणजे देवनागरी, हीच स्थिरावली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले, आणि जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी टाइपाला जी रेखीव घडण दिली ती देशभर मान्य झाली. मेजर टॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटेखानी पुस्तक १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह यांचा मराठीत कसा उपयोग करावा हे त्यात सांगितलेले आहे. शब्दांमधील मोकळी जागा आणि ही चिन्हे यांनी मराठी वाचनाच्या वेगावर जेवढा परिणाम केला तेवढा नंतरच्या कोणत्याही अभ्यासक्रमाने केलेला नाही, असे निःसंकोच म्हणता येते. शब्द कोठे तुटतो आणि वाक्य कोठे संपते हा निर्णय आता लेखक आणि जुळारी, म्हणजे टाइप जुळवणारा कामगार, आधीच घेऊ लागला, आणि प्रत्येक वाचकाला तो नव्याने घ्यावा लागला नाही. मनातल्या मनात वाचणे ही सामान्य सवय होण्यास याची मोठी मदत झाली. याच शतकात गावोगाव वाचनालये निघाली. शेजारच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले, आणि भिवंडीतही वाचन मंदिर उभे राहिले. घरी नेऊन वाचण्याचे पुस्तक ठरलेल्या मुदतीत परत करायचे असल्याने वाचनाला प्रथमच एक मुदत आली, ही गोष्ट वाचनालयांच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

भिवंडीच्या मोमीन वस्तीतील उर्दू वाचनाची कथा वेगळ्या वाटेने गेली. उर्दूची नस्तालीक लिपी उतरत्या, एकमेकांत गुंफलेल्या अक्षरांची असल्यामुळे ती खिळ्यांनी जुळवणे फार अवघड होते. म्हणून कातिब, म्हणजे व्यावसायिक सुलेखक, संपूर्ण मजकूर हाताने लिहीत आणि तो शिळाप्रेसवर छापला जाई. मुंबईत १९३८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्किलाब’सारख्या दैनिकांची पानेही अनेक दशके कातिबांच्या हातून सजली, आणि नस्तालीकची संगणकावरील जुळणी प्रत्यक्षात आली ती १९८० च्या दशकात. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. शिवाय काही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नसल्याने शब्दाच्या पोटातही फट दिसते आणि दोन शब्दांमधली फट कधी कधी तिच्याएवढीच असते. मोडीशी तिचे हे साम्य लक्षणीय आहे: दोन्ही लिप्या लिहिणाऱ्याला अनुकूल आहेत आणि वाचणाऱ्याकडून भाषेचे आधीचे ज्ञान मागतात. देवनागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या जाणणाऱ्या वाचकांवर चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. बोलीत जवळजवळ सारखेच असणारे शब्द देवनागरीत दाखवले असता ते उर्दूपेक्षा लवकर उच्चारले गेले, आणि याचे कारण देवनागरीत स्वर पूर्ण लिहिले जातात हे आहे, असे अभ्यासकांनी दाखवले. केव्हिन पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उर्दू-इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा इंग्रजी वाचताना नजरेच्या केंद्राच्या उजवीकडची अक्षरे अधिक उपयोगी पडतात आणि उर्दू वाचताना डावीकडची, असे आढळले. म्हणजे एकच माणूस लिपी बदलली की डोळ्याची सवयही बदलतो. भिवंडीतील ज्या मुलाला सकाळी उर्दू धडा, दुपारी मराठी विषय आणि संध्याकाळी इंग्रजी वाचावे लागते, त्याचा मेंदू हे परिवर्तन रोज करीत असतो, आणि या श्रमाची दखल वेगाच्या कोणत्याही तक्त्यात घेतली जात नाही.

डोळ्यांच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास फ्रान्समध्ये सुरू झाला. नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांतून १८७९ च्या सुमारास असे स्पष्ट झाले की वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो थांबत-थांबत उड्या घेतो. प्रत्येक थांबा साधारण २०० ते २५० सहस्रांश सेकंदांचा असतो, स्पष्ट दिसणारा भाग नजरेच्या मध्याभोवती अवघ्या दोन अंशांचा असतो, आणि इंग्रजी वाचणाऱ्याची दर दहा-पंधरा उड्यांपैकी एखाददुसरी उडी मागे, आधी वाचलेल्या शब्दाकडे, असते. या मागे जाण्यालाच आळस समजून तो मोडण्याचे प्रयत्न पुढे अनेक दशके होत राहिले. टॅकिस्टोस्कोप नावाच्या यंत्राने पडद्यावर क्षणभर शब्द वा आकडे दाखवले जात, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने चटकन ओळखण्याच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग झाल्यानंतर ते वाचनवर्गांतही आणले गेले. मात्र पडद्यावर दाखवलेले शब्द ओळखण्याची चपळाई पुस्तकाच्या पानावर टिकत नाही, असे दिसून आले.

युटा राज्यातील शिक्षिका एव्हलिन वुड यांनी यंत्र बाजूला ठेवले. त्यांचा प्रबंध विद्यापीठातील प्राध्यापक लोवेल लीस यांनी काही मिनिटांत वाचून त्यावर नेमके अभिप्राय दिले, हे पाहून त्यांनी वेगवान वाचकांच्या सवयींचा शोध सुरू केला, आणि १९५९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ हा अभ्यासक्रम चालू केला. पानावरून हात विशिष्ट वळणाने फिरवत नजर त्याच्यामागे नेणे, मनातला उच्चार थांबवणे, मागे न जाणे आणि शब्दसमूह एका नजरेत टिपणे, ही त्याची मुख्य अंगे होत. केनेडी, निक्सन आणि कार्टर या अध्यक्षांच्या काळात व्हाइट हाउसमधील माणसांनीही तो घेतल्यामुळे त्याला अफाट प्रसिद्धी मिळाली, आणि मिनिटाला हजारो शब्दांचे दावे वृत्तपत्रांतून झळकू लागले. वुड यांचा हेतू प्रामाणिक होता, आणि आपल्या वर्गातील मागे पडणाऱ्या मुलांविषयीच्या कळकळीतून त्यांचे काम सुरू झाले होते, हे लक्षात ठेवणे न्याय्य ठरेल. तरीही दाव्यांची तपासणी आवश्यक होती, आणि ती पुढे झाली.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० च्या दशकात सहकाऱ्यांसह तीन गटांची तुलना केली: अभ्यासक्रम पूर्ण केलेले वेगवान वाचक, मिनिटाला सुमारे २५० शब्द वाचणारे सामान्य वाचक, आणि कोणतेही प्रशिक्षण नसलेले पण मजकूर मुद्दाम भराभर चाळणारे वाचक. सोप्या लेखाचा गाभा सांगण्यात प्रशिक्षित वाचक चाळणाऱ्यांपेक्षा किंचित सरस ठरले, परंतु कठीण लेखात हा फरक उरला नाही, आणि तपशिलाच्या प्रश्नांत सामान्य वाचक दोन्ही गटांच्या पुढे होते. ज्या शब्दावर डोळा थांबलेलाच नसतो तो शब्द वाचकाला सांगता येत नाही, हा या अभ्यासाचा साधा निष्कर्ष आहे. प्रशिक्षितांचे थोडे यश त्यांच्या अनुमानशक्तीचे होते, म्हणजे विषयाचा अंदाज बांधून गाळलेल्या जागा भरण्याचे. पेशवाईतील चिटणीस हेच करीत असे, पण त्याच्याजवळ अंदाजाला आधार म्हणून पत्राचा ठरलेला रिवाज होता.

अलीकडच्या ॲपमधील युक्ती याच्या नेमकी उलट आहे. एकाच जागी एकामागून एक शब्द झरझर दाखवण्याची पद्धत मानसशास्त्राच्या प्रयोगांत १९७० पासून वापरली जात होती. २०१४ मध्ये ‘स्प्रिट्झ’ या नावाने ती मोबाइलवर आली आणि डोळ्याच्या उड्यांचा वेळ वाचेल असे सांगितले गेले. वाचनातील बहुतेक वेळ शब्द ओळखण्यात आणि अर्थ जुळवण्यात जातो, उड्यांत फार थोडा जातो, ही गोष्ट या युक्तीत विसरली गेली. त्याच वर्षी एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी वाचून झालेले शब्द झाकून वाचकाला मागे जाणे अशक्य केले, तेव्हा आकलन स्पष्टपणे घसरले. रेनर आणि चार सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या सर्व संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. वेग आणि अचूकता यांत देवाणघेवाण असतेच, ती टाळणारी कोणतीही युक्ती उपलब्ध नाही, आणि वाचन सुधारायचे असेल तर शब्दसंग्रह आणि विषयज्ञान वाढवावे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. मनातला उच्चार पूर्ण दाबणेही अपायकारक ठरते. कठीण मजकुरात तो आवाज दाबलेल्या वाचकांना कमी कळते. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा प्रौढ इंग्रजी वाचकाची ललितेतर मजकुराच्या मूक वाचनाची सरासरी मिनिटाला २३८ शब्द निघाली. पूर्वी सर्रास सांगितल्या जाणाऱ्या ३०० या आकड्यापेक्षा ती बरीच कमी आहे, आणि अभ्यासक्रमांच्या जाहिरातींतील तुलनेला त्यामुळे पायाच उरत नाही.

हे इंग्रजीचे आकडे मराठीला लावता येत नाहीत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे एका मराठी शब्दात इंग्रजीच्या दोन-तीन शब्दांचे काम सामावते आणि मिनिटाला वाचल्या जाणाऱ्या शब्दांची संख्या आपोआप कमी दिसते. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षांत मराठीसाठी ३० शब्दांची आणि इंग्रजीसाठी ४० शब्दांची अट अनेक पदांना असते. या अटीतून भाषाभेद निदान काही प्रमाणात तरी मान्य झालेला आहे. शालेय वाचनाबाबत ही समज उशिरा आली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले, आणि ते सर्व भाषांसाठी एकच होते. पुढच्याच वर्षी एनसीईआरटीने केलेल्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात वीस भाषांसाठी वेगवेगळे निकष ठरवले गेले, हे स्वागतार्ह होते. भिवंडीत एकाच शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा शेजारी-शेजारी चालतात. तेथे एकाच मापाने चारही माध्यमांची तुलना करणे म्हणजे उर्दूत वाचणाऱ्या मुलावर त्याच्या लिपीचा दोष त्याचा स्वतःचा म्हणून लादणे होय. यंत्रमाग कामगाराच्या मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडे वाचायला काय मिळते, घरी वर्तमानपत्र येते की नाही, जवळच्या वाचनालयात त्याच्या भाषेची पुस्तके आहेत की नाहीत, यावर त्याचा वेग अवलंबून आहे, आणि ही परिस्थिती कोणत्याही आठ दिवसांच्या वर्गाने बदलत नाही.

जलद वाचनाच्या वर्गांसाठी पैसे मोजणाऱ्या पालकांनी म्हणून एक मागणी अवश्य करावी: वर्गापूर्वी आणि वर्गानंतर मुलाला न वाचलेला, सारख्याच काठिण्याचा मजकूर देऊन त्याच्या वेगाबरोबर आकलनाचीही परीक्षा घ्यावी, आणि मजकूर मुलाच्या शाळेच्या भाषेतला असावा. जो वर्ग याला तयार नसेल त्याचा दावा सोडून द्यावा. चाळण्याचे तंत्र, म्हणजे मथळा, परिच्छेदाचे पहिले वाक्य, आकडे आणि नावे पाहून काय वाचायचे ते ठरवणे, निश्चितच शिकण्यासारखे आहे, आणि परीक्षार्थींना त्याचा उपयोगही होतो. फक्त त्याला वाचन म्हणू नये. ज्यांना मुरलेल्या वाचकाचा वेग स्वतःमध्ये घडताना पाहायचा असेल त्यांच्यासाठी मोडी हे उत्तम क्षेत्र आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी लिपीचे वर्ग आणि परीक्षा घेतल्या जातात, पुण्याच्या दफ्तरात कल्याण-भिवंडी प्रांताचे असंख्य कागद अद्याप वाचले जायचे आहेत, आणि त्या गावांची नावे, तेथील जमिनी, खाड्या आणि आडनावे ज्यांना जन्मापासून ठाऊक आहेत, अशा भिवंडी तालुक्यातील तरुणांनी हे काम हाती घ्यावे.